तिसऱ्या अंकातली लढाई

माझं काम पडद्यामागचं.
नायक छाती पुढे काढून शेवटचं वाक्य म्हणतो
आणि मी डांबराच्या रिकाम्या पिंपात
सुतळी बॉम्ब सोडतो.
बावीस वर्षं झाली.
डाव्या कानाला आता फक्त ऑर्गन ऐकू येतो,
तोही भिजल्यासारखा.

वडशाहून गाडी निघते दुपारी.
गावात दिवसा पट, रात्री नाटक,
धान निघालेल्या बांधीत मंडप.
खुर्चीवाले पुढे, तणसावरचे मागे,
त्यांच्याही मागे आलुबोंड्याची कढई,
जी कोणाच्याही मरणासाठी
चर्र करायची थांबत नाही.

बर्फ रंगवला सुखरू पेंटरनं.
त्यानं बर्फ पाहिलेला नाही. मीही नाही.
चुन्यात थोडी नीळ घातली,
म्हणाला, थंडी निळीच असंल.
डोंगर काढले ते थेट पेरजागडाचे.
उजव्या कोपऱ्यात पडदा उंदरानं कुरतडलेला,
तिथं ठिगळ,
ठिगळावर मोहाचं झाड.
सीमेवर मोह?
तर म्हणे, सैनिकाले सावली नको का?

घरी पुतण्या सपरीत पालथा पडून
रोज रात्री तीसएक माणसं मारतो.
कोण्या गुवाहाटीच्या पोरावर ओरडतो,
मागून ये, मागून!
स्वतः मेला की नुसतं "मेलो" म्हणतो
आणि भात वाढायला सांगतो.
मेल्यावर त्याला फार भूक लागते.

त्या रात्री पहिल्या रांगेत निकेश गुरनुले होता.
सुट्टीवर आलेला. खरा.
सरपंचानं शाल दिली, नारळ दिला,
नारळ मांडीवर धरून त्यानं तिन्ही अंक पाहिले,
मधात पेंगलाही.
पहाटे आम्ही पडदे गुंडाळत होतो तेव्हा मागं आला.
काका, धमाका मस्त आहे तुमचा.
पण तिकडं अगोदर उजेड येते.
आवाज मागून.
मधात माणूस मोजते.
काय मोजते, मी विचारलं.
त्यानं पिंपाला हात लावून पाहिला,
निवलं का म्हणून.
मग त्याचा चहा आला.

होळीच्या आधी बातम्या तापल्या.
गावच्या ग्रुपवर, जिथं एरवी
नळाची मोटार जळाल्याचं येते,
तिथं रणगाडे आले,
गुलाबाच्या फुलासोबत सुप्रभात म्हणत.
पानठेल्यावरचा प्रत्येक जण सेनापती,
खर्रा घोटत दोन शहरं घेऊन टाकायचा.
आणि एक दिवस ते आलं.
सीमेवरून आत्ताच.
चौदा सेकंद. अंधार, हलणारं,
निळं-पांढरं काहीतरी, आणि
धडाड.

धडाड माझं होतं.
आपलं लेकरू माणूस एका कानानंही ओळखते.
ऑर्गन कोणीतरी पुसला होता,
नायकाचं वाक्य पुसलं होतं,
आलुबोंड्याची चर्र तेवढी राहिली होती,
आणि खाली लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं,
ऐका, आग कशी जळते आहे.

निकेशची आई आली मिरचीच्या तोडणीवरून.
बोटं जळजळत होती
म्हणून करंगळीनं काच सरकवत होती.
पाय बरं भाऊ, अथीच अस्ते का तो?

मी चित्र थांबवलं.
कोपरा मोठा करून दाखवला.
हे झाड सुखरूचं. खाली ठिगळ आहे.
बॉम्ब माझा, नगाला अकरा रुपये.
म्हंजे खोटं?
खोटं.

ती बराच वेळ त्या मोहाकडे पाहत राहिली.
फुलं नाही काढली त्यानं, म्हणाली.
मग म्हणाली,
खोटं आहे तर त्याचा फोन काहून लागत नाही,
परवापासून?

मी पिंपावर बसलो होतो.
तिनं करंगळीनं पुन्हा नंबर लावला,
काच उजळली,
तिच्या हनुवटीवर उजेड पडला.

एक, मी मनात म्हटलं.
दोन.